हरतालिकेपासून सात रात्री

गुरुदास परबांनी आयुष्यात हौसेने एकच वस्तू घेतली, आणि तीही अशी की ना ती घरात ठेवता येत होती, ना अंगावर घालता येत होती, ना कुणाला दाखवता येत होती. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमधली खोली त्यांच्या मालकीची होती. अख्खी नव्हे, वर्षातल्या सात रात्री त्यांची, बाकीच्या रात्री दुसऱ्या कुणाकुणाची. या प्रकाराला टाइमशेअर म्हणतात. बायको सुगंधा सोडली तर घरात ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. कट्टा गावाजवळ चार भावांचं एवढं मोठं सामायिक घर असताना या माणसाने अर्ध्या तासाच्या अंतरावर पैसे भरून झोपायची सोय केली आहे, हे वाडीला कळलं असतं तर शिमग्यात सोंगाला दुसरा विषय शोधावा लागला नसता.

घेतली तेव्हा ते मुंबईला गोदीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. रिसॉर्टवाल्यांनी परळच्या एका हॉलमध्ये नवरा-बायकोंना जेवायला बोलावलं आणि मोठ्या पडद्यावर समुद्र दाखवला. समुद्राचं सुगंधाला काय कौतुक? पण मग पडद्यावर एक खिडकी आली, खिडकीशी पलंग, पलंगावर आरामात बसलेली एक बाई, आणि तिला कुणीतरी बसल्या जागी चहा आणून दिला. सुगंधा त्या चहाकडे बघतच राहिली. गुरुदासांनी ते बघितलं आणि सही करून टाकली.

रिसॉर्टचे मालक खोतशेट इथलेच. इतर ठिकाणी अशा आठवड्यांना नंबर असतात, पण खोतशेट आपलं गिऱ्हाईक ओळखून होते. चाकरमानी रजा टाकतो ती पंचांग बघून. म्हणून त्यांच्या करारात आठवडे तिथीप्रमाणे होते. त्यांच्या माणसाने विचारलं, तुम्हाला हमखास रजा कधी मिळते? गुरुदास छाती काढून म्हणाले, चतुर्थीला. त्यात खोटं काहीच नव्हतं. कोकणातल्या माणसाची चतुर्थीची रजा अडवायची छाती त्यांच्या साहेबाचीसुद्धा नव्हती. करारात लिहिलं गेलं, हरतालिकेपासून सात रात्री.

घरी परतताना बसमध्ये सुगंधाच्या डोक्यात उजेड पडला.

"चतुर्थीत? तुमी शुद्धीर आसास मां? चतुर्थीत आपण खंय आसतव?"

गुरुदासांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, आणि त्या विषयापुरते ते पुढची दहा-बारा वर्षं बाहेरच बघत राहिले. चतुर्थीत सुगंधा कुठे असणार? गावच्या घरात, चुलीपुढे. थोरली सून ती. चार बिऱ्हाडांची माणसं गोळा झाली की पंगतीवर पंगत उठायची आणि तिला पदराने कपाळ पुसायची सवड नसायची. रिसॉर्टमधली खोली मात्र दर चतुर्थीला रिकामी राही, आणि तिच्या देखभालीचा वार्षिक खर्च न चुकता येई. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशातली गत.

निवृत्त होऊन दोघं गावी आली तरी गुरुदासांनी घोडं तसंच पोसलं असतं. पण यंदा त्यांना ते विकायचंच होतं, आणि कारण होतं चार वर्षांची नात, दीपिका. मुलगा दीपेश डोंबिवलीला नोकरीत. दोन चतुर्थ्या झाल्या, तो एकटाच येत होता. सून अक्षया आणि दीपिका आल्याच नव्हत्या. घरात पस्तीस-एक माणसं आणि न्हाणी एक, तीही मागीलदारी, पावसातून जायची. तीन वर्षांपूर्वी न्हाणीच्या रांगेत भिजून दीपिकाला ताप भरला, आणि सुगंधा सगळ्यांदेखत बोलून गेली, "आमची पोरां काय पावसात वाढली नाय?" बोलली ते बोलली. त्यानंतर अक्षयाला चतुर्थीची रजा मिळेनाशी झाली. सुगंधा तोंडाने कबूल करत नसे, पण गणपती पाण्यात गेले की ती दीपिकासाठी बाजूला काढून ठेवलेले मोदक गायीला घाली, आणि ते गुरुदासांना बघवत नसे. त्यांनी ठरवलं, खोली विकायची आणि त्या पैशातून घराला आतल्या बाजूने एक न्हाणी जोडून घ्यायची. सामायिक घराला एक चिरा लावायचा तर तिघा भावांनी हो म्हणायला हवं होतं. तो होकार आणि पैसे, दोन्ही हातात नसताना त्यांनी गवंड्याला बोलावून जागासुद्धा मापून घेतली. बाजारात तुरी, दुसरं काय.

पहिल्यांदा ते रिसॉर्टच्याच ऑफिसात गेले. तिथे प्राजक्ता नावाची मुलगी बसत असे, अतिशय गोड बोलणारी.

"आम्ही परत घेतो ना काका," ती म्हणाली, "पण तुम्ही भरलेत त्याच्या पाचव्या हिश्श्यात."

"पाचवा हिस्सा?" ऑफिसात असल्यामुळे गुरुदासही शुद्ध बोलले. "अहो, तेव्हापासून मालवणातली जमीन कुठल्या कुठे गेली."

"जमीन तुमची नाहीये ना काका. तुमच्या आहेत त्या रात्री. त्यातल्या बऱ्याचशा वर्षांच्या होऊन गेल्या; कराराची जेवढी वर्षं उरली, तेवढीच विकायला उरली. घेणाऱ्याला वर दरसालचा खर्च आहेच. आणि आठवडा भर पावसातला. लोकांना मे महिना हवा असतो, दिवाळी हवी असते. तुमच्या आठवड्याला मागणीच नाही."

तिचं एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून गुरुदासांना जास्त राग आला. आंब्याची पेटी एप्रिलात काय भावाने जाते आणि मिरगाच्या तोंडावर काय भावाने, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण आपलाच आंबा मिरगातला निघाला की मनाला लागतंच.

मग मुंबईहून एका दलालाचा फोन आला. टाइमशेअर विकायचाय ही बातमी त्याच्यापर्यंत कशी गेली देव जाणे. त्याच्याकडे म्हणे दिल्लीचं गिऱ्हाईक तयार होतं, भरल्या पैशाच्या दुप्पट द्यायला.

"सर, फक्त वीक नंबर सांगा."

"नंबर नाही हो. तिथी आहे. हरतालिका."

"सर, इंग्लिश डेट?"

"ती दरवर्षी बदलते."

मग दलाल म्हणाला, काही हरकत नाही सर, दिल्लीच्या पार्टीला चालेल, तुम्ही फक्त आमची फी आजच पाठवून द्या. गुरुदास इतके हरखले की फी पाठवायला तडक कट्ट्याला गेले. बाजारात त्यांच्या पुतण्याचं, सर्वेशचं, मोबाइलचं दुकान होतं. पैसे फोनवरून पाठवायचे तर सर्वेशवाचून गत्यंतर नव्हतं, आणि सर्वेशला सांगायचं तर खोलीची गोष्टही सांगणं आलं. त्यांनी ती सांगितली. सर्वेश हसला नाही, याबद्दल त्यांनी त्याला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

"काका, म्हशीक गिऱ्हाईक आणणारो दलाल पैशे कदी घेता?" सर्वेशने विचारलं.

"म्हस विकल्यार."

"आणि ह्यो आधी मागता. म्हणजे तेची म्हस तुमीच. फोन ठेवा."

त्याने गुरुदासांना स्टुलावर बसवलं आणि मोबाइलवर जाहिराती दाखवल्या. काय काय लोक काय काय विकत होते! महाबळेश्वरचा आठवडा, गोव्याचा आठवडा, कुणी निम्म्या भावात, कुणी वर फुकट जेवण देऊन. काही जाहिराती तीन-तीन वर्षं तशाच पडलेल्या होत्या.

"ह्यो बघा, चार लाख मागता," गुरुदास म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा आशा आली.

"मागता ओ. गावलेत खंय? पाण्यात म्हस आणि वर मोल. मागूक काय जाता? खरो भाव म्हणजे घेणाऱ्यान खिशातसून काढल्यान तो. आणि तो ह्या जाहिरातीत दिसणा नाय."

"मगे भाड्यान देवया?"

"चतुर्थीत? हयसरलो माणूस आपल्या गणपतीकडे. भायरलो माणूस पावसाक भिऊन आपल्या घराकडे. भाड्यान कोण घेतलो, सांगा बघूया."

शेवटी दोघांनी मिळून जाहिरात लिहिली. सर्वेशचं म्हणणं, तिथीचं आधी बोलू नका, गिऱ्हाईक जवळ आलं की हळूच सांगू. पण इथे गुरुदास अडून बसले. बैल लंगडा असला तर लंगडा म्हणून विकावा, हे त्यांच्या वडिलांचं सांगणं होतं. तेव्हा जाहिरातीच्या अगदी डोक्यावर, ठळक अक्षरांत लिहिलं गेलं: "गणेश चतुर्थीचा आठवडा. हरतालिकेपासून सात रात्री. कट्ट्यापासून अर्धा तास." खाली सर्वेशचा नंबर.

कोल्हापूरच्या एकाने दिवाळी मिळेल का म्हणून विचारलं. बेळगावच्या एकाने फोन करून नुसत्याच गप्पा मारल्या. मग महिनाभर शुकशुकाट. गुरुदासांनी पाचव्या हिश्श्यावर मन घट्ट केलं. तेवढ्यात न्हाणी नाही तरी न्हाणीचं दार होईल, असा त्यांनी हिशेब केला. आणि मे महिन्यात एके दिवशी सर्वेशचा फोन आला.

"काका, गिऱ्हाईक इला. इन्सुलीचो एक माणूस आसा, भयणीसाठी होया म्हणता. आणि ऐका, घासाघीस नाय. रिसॉर्टवाले देतत तेच्या तिप्पट देवक तयार आसा. फक्त भयण आधी खोली बघतली."

"तिप्पट? भर पावसातल्या आठवड्याक? डोक्यार पडली काय ती?"

"ता माका म्हायत नाय. पण तिचे प्रश्न लय. न्हाणी खोलीतच आसा मां, गरम पाणी सकाळी कितीक वाजता येता, सकाळच्या आरतीक कट्ट्याकडे पोचता येयत काय."

"कट्ट्याकडे कोणाकडे?"

"काका, गिऱ्हाईक येता ता येवंदेत. तुमी चवकशी कित्याक करतास?"

गुरुदास बँकेत जातो म्हणून घरातून निघाले. सुगंधा घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं सुकत घालत होती. तिने मान वर न करता बाजारातून मीठ आणायला सांगितलं. मालवणला पोचेपर्यंत त्यांनी घराच्या न्हाणीत लाद्यासुद्धा बसवून टाकल्या होत्या, पांढऱ्या, निळ्या काठाच्या.

प्राजक्ताने त्यांना समुद्राच्या बाजूच्या खोलीवर नेलं. दार उघडंच होतं. आत एक बाई पाठमोरी उभी राहून नळ सोडून बघत होती. आणि खिडकीशी असलेल्या पलंगावर एक लहान मुलगी उड्या मारत होती. तिने गुरुदासांना बघितलं, एक उडी अर्ध्यात सोडली आणि ओरडली,

"आजोबा!"

अक्षयाने वळून बघितलं. नळ तसाच वाहत राहिला. तिचं माहेर इन्सुलीचं, मे महिन्याच्या सुट्टीत ती चार दिवस माहेरी येते, हे गुरुदासांना पक्कं ठाऊक होतं. आणि ऐन वेळी ते डोक्यात येऊ नये, याला काय म्हणावं? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"बाबा, तुमी हयसर कित्याक?" अक्षयाने विचारलं.

"खोली माझी आसा," गुरुदास म्हणाले. "तू कित्याक?"

अक्षया पलंगावर बसलीच. प्राजक्ताने आळीपाळीने दोघांकडे बघितलं, जाऊन नळ बंद केला आणि शहाणपणाने निघून गेली.

मग अक्षयाने सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. "माका चतुर्थी होयी, बाबा. ती आरती, त्या फुगड्यो, सगळा होया. डोंबिवलीत दोन वर्षां मी त्या दिवसांत रडत बसलंय. पण दीपाक परत ताप इलो तर आई परत काय बोलतली, हेचा माका भय वाटता. म्हटलं, आपण रात्री हयसर निजूया आणि पहाटे उठान घराक जावया, पदर खोचून कामाक लागाक. कोणाक वेगळा काय मागूक नको. दादान जाहिरात दाखयल्यान, आणि वर लिवलेला, चतुर्थीचो आठवडो. माका वाटला, देवानच लिवल्यान."

"लिवल्यान सर्वेशान," गुरुदास म्हणाले. जिच्यासाठी न्हाणी बांधायची, तीच न्हाणीचे पैसे द्यायला निघाली होती. असा व्यवहार कुठल्या तोंडाने करायचा?

तिघं मिळून घरी आली. खळ्यात दीपिका धावत गेली तशी सुगंधाचे हात कोकमाने माखलेले असतानाच तिने नातीला उचललं आणि तिच्या पांढऱ्या झग्यावर दोन लाल पंजे उमटवले. मग तिने सुनेला बघितलं, मग नवऱ्याला.

"तुमी बँकेत गेल्लास मां?"

गुरुदासांनी बाहेर बघायला खिडकी शोधली, पण खळ्यात कुठली खिडकी? दहा-बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बायकोकडे बघून बोलायला सुरुवात केली. प्राजक्ता, दलाल, लंगडा बैल, इन्सुलीचं गिऱ्हाईक, सगळं सांगितलं. आजूबाजूच्या दोन दारांत दोन जावा येऊन उभ्या राहिल्या, तरी ते थांबले नाहीत. गुपित फुटायचं ते पुरतं फुटलं.

"चतुर्थीत घरची सून हॉटेलात निजतली?" सुगंधा म्हणाली. "लोक माझ्या तोंडात शेण घालतले."

"लोक दोन वर्षां काय घालतत? सून येणाच नाय म्हणान?" गुरुदास म्हणाले. असं उत्तर त्यांनी लग्नापासून दिलं नव्हतं. जावांनी एकमेकींकडे बघितलं.

सुगंधाने सुनेकडे तोंड केलं. "आणि तू ह्येका पैशे देवक निघालंस? कितीक?"

अक्षयाने आकडा सांगितला. सुगंधाने दीपिकाला खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"इतके पैशे," ती म्हणाली. "आपल्याच घराक येवक."

ती खाली बसून सोलं सारखी करू लागली. तिने वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. पण आवाज नेहमीचाच, हुकमी होता.

"माझा चुकला गो ता बोलणा. आता ऐका. खोली विकूची नाय. सुनेकडसून घरचे लोक पैशे घेणत नाय आणि भायरच्यांका पाचव्या हिश्शात देवक आपणाक काय येड लागला नाय. ह्या घरात देवाच्या पूजेक भावांची पाळी आसा, माडांच्या नारळांक पाळी आसा. तशी खोलीक पाळी लावूची. चौघांची सोय आसा ना थय? दीपा रोज रात्री थय निजतली. आणि तिच्यावांगडा आळीपाळीन घरातली बायलमाणसा. रांधून, वाढून दमतत ती. एकेक रात तरी पाठ टेकांदेत."

दारातली धाकटी जाऊ सावित्री, जी आतापर्यंत तोंडावर पदर घेऊन हसत होती, ती एकदम पुढे आली. "मगे दुसरी रात माझी."

"पहिली कोणाची?" अक्षयाने विचारलं.

"थोरल्या सुनेची," सुगंधा म्हणाली. "ह्या घराची थोरली सून मी आसय."

बातमी वाडीत जायला वेळ लागला नाही. सोंगाची भीती होती ती व्यर्थ ठरली; कुणी हसलंच नाही. उलट ज्याच्या त्याच्या घरी मुंबईची सून होती, आणि ज्याच्या त्याच्या घरी न्हाणी एक. श्रावणात भजनाला बसलेल्या माणसांनी टाळ खाली ठेवून गुरुदासांना बाजूला घेतलं. सावित्रीच्या भावाने रिसॉर्टच्या चौपट देऊ केले. एकाने तर पुढच्या चतुर्थीच्या दोन रात्री भाड्याने मागितल्या आणि बदल्यात न्हाणीचे चिरे देतो म्हणाला. प्राजक्ताने फोन करून विचारलं, काका, विकताय ना, आम्ही आता जरा बरा भाव देऊ शकू. गुरुदास सगळ्यांना गोड शब्दांत नाही म्हणत होते आणि रोज अर्धा इंच उंच होत होते. चिरेवाल्याला मात्र त्यांनी थांबायला सांगितलं. न्हाणी काही त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती.

हरतालिकेच्या संध्याकाळी गणपती घरी आला. मूर्तीच्या वर माटवीची लाकडी चौकट बांधून तिला कवंडळाची फळं, नारळ, रानफुलं टांगून झाली. बायकांचा उपास, म्हणून चूल थंड. सुगंधाने एका पिशवीत लुगडं भरलं, आणि पाच वेळा पिशवी खाली ठेवून अक्षयाला सांगितलं की काळे वाटाणे भिजत घाल, पुरणाची डाळ निवडून ठेव, पातोळ्यांची हळदीची पानं परसातूनच काढ. अक्षयाने पाचही वेळा हो म्हटलं. मग सर्वेशने त्याच्या गाडीतून आजी, आजोबा आणि नात यांना मालवणला नेऊन सोडलं.

सुगंधा सवयीने अंधारातच उठून बसली. पेटवायला चूल नव्हती, भरायला कळशी नव्हती. मध्ये दीपिका हातपाय पसरून झोपली होती, पलीकडे गुरुदास घोरत होते. बाहेर पाऊस समुद्रावर पडत होता. ती खिडकीशी तशीच बसून राहिली. उजाडताना तिने घरी फोन लावला. पलीकडे अक्षयाचा आवाज येत होता, पण तिच्याशी नव्हे, न्हाणीच्या रांगेशी, "एकेकान जावा रे, देव पळान जाणा नाय." अगदी सुगंधाचाच सूर. सुगंधाने न बोलता फोन ठेवला आणि तोंडावर पदर धरून हसली.

दारावर टकटक झाली. गुरुदासांनी उठून दार उघडलं आणि चहाचा कप तिच्या हातात आणून दिला. ती उठायला लागली तसे ते म्हणाले, "उठू नको. बसल्या जागी पी."

सुगंधाने कपाला दोन्ही हात लावले. चतुर्थीच्या सकाळचा चहा गरम असतानाच प्यायची ही तिची लग्नानंतरची पहिलीच वेळ होती. तिने तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"चला," ती म्हणाली. "पोराक उठवा. नायतर आरती चुकात."